शिशुसंगोपन आणि बालकाचा बोधात्मक विकास : पाळणाघरापासून अंगणवाडीपर्यंत

प्रस्तावना :
बालकाची बुद्धी शाळेत घडते, हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे शाळेपूर्वीची वर्षे ही केवळ मूल ‘सांभाळण्याची’ वर्षे मानली जातात आणि सांभाळणे म्हणजे भरवणे, निजवणे व पडू-झडू न देणे एवढाच अर्थ घेतला जातो. सांभाळणारी व्यक्ती बालकाशी काय बोलते, त्याच्या कृतीला प्रतिसाद देते की नाही, ही बाब गौण ठरते. वस्तुतः बोधात्मक विकासाच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचे स्वरूप काही प्रसिद्ध संशोधनांच्या व महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बोधात्मक विकास व संगोपन :
अवधान, स्मृती, भाषा, विचार आणि समस्या-निराकरण या मानसिक प्रक्रियांच्या वाढीस बोधात्मक विकास असे म्हणतात. जीन पियाजे यांनी पहिल्या दोन वर्षांना संवेदन-कारक अवस्था म्हटले. या अवस्थेत बालक वस्तू हाताळून, चोखून, आपटून जग समजून घेते. व्हिगॉट्स्की यांनी या प्रक्रियेतील प्रौढ व्यक्तीचे स्थान अधोरेखित केले. दहा महिन्यांचे मूल वाटीवर चमचा आपटते तेव्हा ‘गप्प बस’ म्हणून चमचा काढून घेणारी आणि ‘वाजलं का? आता हळू वाजव बरं’ असे म्हणणारी, या दोन्ही व्यक्ती मूल सांभाळतच असतात. परंतु दुसरीच्या सहवासात त्या मुलाला कार्यकारणाचा, शब्दाचा आणि संवादाचा अनुभव एकाच वेळी मिळतो. दिवसभरात असे अनेक प्रसंग घडतात. संगोपनाचा बुद्धीशी असलेला संबंध याच लहानसहान प्रसंगांतून आकारास येतो.

‘आई की पाळणाघर?’ :
नोकरदार स्त्रीला हा प्रश्न हमखास विचारला जातो. (पित्याला तो क्वचितच विचारला जातो, हे येथे नमूद केले पाहिजे.) अमेरिकेत 1991 मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात तेराशेहून अधिक बालकांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला. बालक केवळ आईकडेच वाढले की अन्यत्र, यावरून त्याच्या बोधात्मक विकासाचा फारसा अंदाज येत नाही. अन्यत्र होणाऱ्या संगोपनाची गुणवत्ता, विशेषतः तेथील भाषिक उत्तेजन, यांचा मात्र त्याच्याशी संबंध आढळतो, असे त्यात दिसून आले. हा परिणाम बेताचाच होता व कुटुंबाचा प्रभाव त्याहून अधिक ठरला. म्हणजे मूळ प्रश्नच चुकीचा मांडला जातो. मूल कोणाच्या स्वाधीन आहे यापेक्षा त्या व्यक्तीला त्याच्यासाठी किती वेळ व अवधान देता येते, हे पाहणे अधिक उचित होय.

पोषण पुरेसे आहे काय? :
आपल्याकडील योजनांच्या संदर्भात जमैकातील प्रयोग विशेष उद्बोधक आहे. तेथे किंग्स्टन शहरातील 9 ते 24 महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या 129 बालकांचे चार गट करण्यात आले. एका गटास दुग्धजन्य पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातील बालकांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्यास सुमारे एक तास जाऊन, टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या साहाय्याने मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवीत. तिसऱ्यास दोन्ही मिळाले, चौथ्यास यांपैकी काहीच नाही. दोन वर्षांनंतर आहार व उत्तेजन या दोहोंचाही लाभ दिसला. दोन्ही मिळालेल्या गटाची प्रगती सर्वाधिक होती. हे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मात्र चित्र पालटले. आहाराचा बोधात्मक परिणाम ओसरला, तर उत्तेजनाचा टिकून राहिला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यानुसार, उत्तेजन मिळालेल्यांचे तरुणपणीचे उत्पन्न इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होते. यावरून आहार अनावश्यक ठरत नाही. पोट भरले की बुद्धी आपोआप वाढते, हे गृहीतक तेवढे कोसळते.

कोसबाड ते अंगणवाडी :
महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची भूमिका होती. पुढे कोसबाडच्या आदिवासी परिसरात काम करताना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहतात, ही अडचण समोर आली. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. संगोपन आणि शिक्षण यांमध्ये भिंत नसावी, हे या दोघींनी प्रत्यक्ष व्यवहारातून ओळखले होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाचा समावेश होता. पण तो तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी. तीन वर्षांखालील बालकाच्या वाट्याला मुख्यतः शिधा, लसीकरण व वजन-मापन आले. शिवाय एकाच सेविकेवर शिकवण्यापासून नोंदवह्यांपर्यंतचा भार पडला. तमिळनाडूतील 640 अंगणवाड्यांवरील एका प्रयोगाने या भाराचे मोल दाखवून दिले. निवडक केंद्रांत केवळ शिक्षणासाठी अर्धवेळ अतिरिक्त सेविका नेमताच शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला व मुलांची भाषा आणि गणितातील संपादणूक वाढली. मूळ सेविकेला पोषणकार्यास सवड मिळाल्याने वाढ खुंटण्याचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. येथे नवे साहित्य वा नवी इमारत कारणीभूत नव्हती. एका माणसाचा वेळ वाढला, एवढेच.

केंद्र शासनाने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांखालील बालकाशी खेळणे-बोलणे हेही अंगणवाडीचे काम आहे, अशी स्पष्ट मांडणी त्यात आहे. जमैकातील आरोग्यसेविकेकडे मात्र एका घरासाठी आठवड्याला एक संपूर्ण तास होता. आपल्या सेविकेने गृहभेटीत वजन घ्यावे, भ्रमणध्वनीवर नोंद भरावी आणि मग उरलेल्या मिनिटांत आईला वाटी-चमच्याचा खेळ दाखवावा, अशी अपेक्षा असेल तर ही मिनिटे किती उरतात, याचा हिशेब प्रथम केला पाहिजे.