परकीय भाषा: विषय वेगळा, माध्यम वेगळे

प्राथमिक शाळेत परकीय भाषा येणार म्हटले, की मातृभाषेतले शिक्षण मागे पडेल अशी शंका घेतली जाते. यात दोन गोष्टींची गल्लत होते. माध्यमभाषा (सर्व विषय जिच्यातून शिकवले जातात ती) ही स्वयंपाकाची चूल आहे, तर विषय म्हणून शिकवलेली भाषा हा ताटातला एक पदार्थ. पदार्थ वाढला म्हणून चूल बदलत नाही.

जपानमध्ये २०२०पासून तिसरी-चौथीला वर्षाकाठी ३५ तासिका परकीय भाषेचे उपक्रम असतात. तिथे भर ऐकण्याबोलण्यावर असतो. निरनिराळ्या देशांतली मुले अभिवादन कसे करतात, हातवारे कसे करतात, हेही मुले पाहतात. पाचवी-सहावीत ७० तासिकांचा स्वतंत्र विषय होतो आणि वाचन-लेखन सुरू होते. गणित, विज्ञान मात्र जपानीतूनच.

महाराष्ट्रातही २०००पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. माध्यम मराठीच राहिले.

एवढ्या तासिकांत अस्खलित बोलणे येत नाही, तशी अपेक्षाही नसते. कान नव्या ध्वनींना सरावतो आणि आपल्याहून वेगळी रीत म्हणजे चुकीची रीत नव्हे, हे लहान वयातच कळते.