लोकांसाठी लिहिणारा वैद्य : वाचक जोडताना होणाऱ्या चुका

व्यवसायात थोडे स्थिरावल्यावर आपल्यापैकी अनेकांना जनसामान्यांसाठी काही लिहावे असे वाटू लागते. तालुक्याचे साप्ताहिक, दिवाळी अंक, पतसंस्थेची स्मरणिका किंवा औषधी दुकानात ठेवावयाची चार पानी पत्रिका, असे काही निमित्त मिळते आणि लेखणी हाती घेतली जाते. पहिले तीन-चार लेख उत्साहात होतात, परिचित मंडळी कौतुक करतात, आणि मग ध्यानात येते की वाचक काही वाढत नाहीत. लोकांना वाचावयासच नको, त्यांना झटपट उपाय हवे असतात, ही तक्रार वैद्यसंमेलनाच्या पंगतीत हमखास ऐकू येते. काही वर्षे असे सदर चालविल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. वाचक न जुळण्याची कारणे बहुधा आपल्याच लेखनात असतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या चुकांमुळे वाचक भराभर वाढतात त्याच सर्वांत घातक असतात.

प्रथम स्वतःचाच दोष सांगतो. सदराला प्रतिसाद नव्हता, तेव्हा एका लेखाला मी 'मधुमेहाला ठोका रामराम' असे शीर्षक दिले. आत मेथी, कारले, जांभूळबी यांचे गुणधर्म होते, आणि त्यांत शास्त्राला सोडून काहीही नव्हते. त्या आठवड्यात आली तितकी पत्रे पूर्वी कधीच आली नव्हती, आणि मी सुखावलो. पुढे दीड महिन्याने साठीचे एक गृहस्थ मुलाच्या आधाराने चिकित्सालयात आले. पायाचा अंगठा काळवंडला होता, जखमेला दुर्गंधी होती आणि रक्तशर्करा 400 च्या वर गेलेली होती. त्यांनी नेहमीच्या गोळ्या बंद करून केवळ जांभूळबीचे चूर्ण सुरू केले होते. खिशातून त्यांनी माझ्या लेखाचे कात्रण काढले, नीट घडी घातलेले. गोळ्या बंद करा असे मी कोठेही लिहिले नव्हते, परंतु बंद करू नका असेही लिहिले नव्हते. आणि शीर्षक तर तेच सांगत होते. त्यांना तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठविले. अंगठा वाचला नाही.

'रामबाण', 'कायमची सुटका', 'हमखास गुण' या शब्दांची भुरळ वैद्याला पडू नये. (आपल्या रामबाण रसात बचनाग आहे, त्या रामबाणालाही मात्रा पाळावी लागतेच.) शिवाय लेखाखाली आपल्याच कल्पाचे नाव व पत्ता छापला की लेख आणि जाहिरात यांतील सीमा पुसली जाते. 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, स्थूलता असे अनेक रोग आहेत, आणि त्यांच्यावरील औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानातून वाटली जाणारी पत्रके, वेष्टनावरील मजकूर हेही या कायद्याच्या कक्षेत येतात, हे औषधी दुकानदार बंधूंनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरी चूक परिभाषेची आहे, आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण ही परिभाषा आपल्या अंगवळणी पडलेली असते. कठीण संस्कृत शब्द वाचक ओलांडून जातो, त्यांनी फारसे बिघडत नाही. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांनी. आपण 'पित्त' लिहितो, तेव्हा वाचकाच्या मनात छातीतील जळजळ किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी येतात. 'वात' म्हटले की त्याला गॅस किंवा गुडघेदुखी आठवते, 'कफ' म्हणजे खोकल्याचा बेडका. मग 'कफवर्धक आहार टाळावा' या वाक्याचा अर्थ, खोकला नाही तर काहीही खावे, असा घेतला जातो. हा वाचकाचा अडाणीपणा नव्हे. ते शब्द बोलीभाषेत शतकानुशतके याच अर्थाने रूढ आहेत. लेखात असा शब्द प्रथम येईल तेथे एका वाक्यात आपला अर्थ सांगावा, अथवा शब्द टाळून लक्षणे लिहावीत.

वनस्पतींच्या नावांबाबत तर अधिकच दक्षता हवी. 'ब्राह्मी' असे नुसते लिहिले तर वाचक बाजारातून मंडूकपर्णी आणील की जलब्राह्मी, हे दुकानदारावर अवलंबून राहते. शंखपुष्पी व रास्ना यांचीही तीच कथा. गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. 2020 च्या साथीत प्रत्येक सदरात गुळवेलीचा काढा आला, आणि त्यांतील बहुसंख्य लेखांत मात्रा, कालावधी व निषेध यांचा उल्लेख नव्हता. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमधील यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, सेवन केलेली वनस्पती खरी गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही, असे म्हटले. खोडावर दाट गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती तिच्यासारखीच दिसते. वादाचा निर्णय काहीही असो, कुंपणावरची वेल तोडून महिनोन्महिने काढा घेणाऱ्या माणसाला ओळख पटवून देण्याचे काम त्या सर्व लेखांत राहून गेले होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

उरलेल्या चुका किरकोळ वाटल्या तरी वाचक तोडणाऱ्या आहेत. कोणासाठी लिहितो हे न ठरविणे ही त्यांतील मोठी. बाळंतिणीचा आहार व वृद्धांची निद्रा एकाच लेखात कोंबली की दोघांनाही तो आपला वाटत नाही. सदर चार अंक चालवून दोन अंक बुडविणे, अन्य पॅथीवर तोंडसुख घेणे, दुसऱ्याचा लेख फिरवून आपल्या नावाने देणे आणि वाचकांच्या पत्रांना उत्तर न पाठविणे, यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेत याचा विचार झालेला नाही असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याने कोणता ग्रंथ निवडावा हे सांगताना तो तिन्ही प्रकारच्या बुद्धीच्या शिष्यांना हितकर आणि पुनरुक्तीपासून मुक्त असावा, अशी अपेक्षा केली आहे. म्हणजे मंदबुद्धी वाचकाची जबाबदारी ग्रंथकारावर आहे. वाग्भटाने हे प्रत्यक्षात आणले. फार संक्षिप्त नाही आणि फार विस्तृतही नाही, असा ग्रंथ रचण्याचा हेतू त्याने अष्टांगहृदयाच्या आरंभीच सांगितला. उत्तरस्थानाच्या शेवटी तर तो परखडपणे विचारतो की, केवळ ऋषिप्रणीत म्हणून ग्रंथ वाचावयाचा तर चरक-सुश्रुत सोडून लोक भेलसंहिता का वाचीत नाहीत? भेल हा अग्निवेशाचा सहाध्यायी, दोघेही आत्रेयांचे शिष्य. परंतु भेलाचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः तंजावरच्या ग्रंथालयातील एका खंडित हस्तलिखितामुळे. उलट अष्टांगहृदयावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यासारख्या विद्वानालाही टीका लिहाविशी वाटली.

मधुमेहाच्या त्या लेखानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. छापण्यापूर्वी प्रत्येक लेख चिकित्सालयातील परिचारिकेला वाचावयास देतो आणि मग कागद बाजूला ठेवून विचारतो, 'आता घरी जाऊन तुम्ही काय कराल?' ती जे सांगते ते माझ्या मनातल्याहून निराळे असेल, तर लेख पुन्हा लिहितो. विषयही आता मी सुचवीत नाही. शेजारचे औषधी दुकानदार गल्ल्यापाशी एक वही ठेवतात, आणि ग्राहकांनी विचारलेले प्रश्न तीत टिपून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न होता, 'त्रिफळा रात्री घ्यायचे, पण दुधातून की पाण्यातून, आणि रोज किती दिवस?' वीस वर्षांच्या व्यवसायात यावर सविस्तर लिहावे असे मला एकदाही सुचले नव्हते. पुढील लेख त्याच विषयावर लिहीत आहे.