पाच वॅट आणि वीस मीटर तार

रविवारी सकाळी खांद्याला पिशवी अडकवून आणि हातात मासे धरण्याची लांब काठी घेऊन मी येळ्ळूरच्या वाटेला लागलो की कोणी ना कोणी हटकतोच, "काय सर, आज कुठल्या तळ्यावर?" आपल्या ट्रस्टच्या कित्येक सभासदांनीही हा प्रश्न मला विचारला आहे. त्या काठीने मी आजवर एकही मासा धरलेला नाही. एकात एक बसणाऱ्या नळ्यांची ती काठी उलगडली की सात-आठ मीटर उंच होते आणि तिच्या टोकाला मी एक तार बांधतो. पिशवीत डब्याएवढे रेडिओयंत्र, एक बॅटरी आणि वही असते. महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने या उद्योगाचा खुलासा करावा, असे संपादक मंडळाने सुचविले. मुलांस शिकविण्याची सवय असल्याने लेख थोडा धड्यासारखा होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या उद्योगास हौशी रेडिओ अथवा 'हॅम' रेडिओ म्हणतात. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती, ठरवून दिलेल्या लहरींवर, दुसऱ्या परवानाधारकाशी स्वतःच्या यंत्रावरून बोलू शकते. प्रत्येकास एक खूणनाव मिळते. भारतातील बहुतेकांचे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. यावर व्यापार करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत, गुप्त भाषेत बोलता येत नाही. रेडिओ घेऊन रानात जाणे आपल्या भागाला अगदीच नवे नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत आंबोली व कॅसलरॉकच्या जंगलांतून गुप्त नभोवाणी चालविली. ते कार्य फार मोठे आणि जोखमीचे होते. माझे काम परवान्याचे आणि हौसेचे; पण त्यामागे एक निमित्त घडले, ते आधी सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत महापूर आला. माझी थोरली बहीण नदीकाठच्या एका गावी राहते. दोन दिवस तिचा फोन लागेना. गावातल्या कोणाचाच लागेना. अम्मीने त्या दोन दिवसांत अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कळले की आपा, तिची मुले आणि निम्मे गाव शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होते. गावाची वीज गेली होती आणि टॉवर मुका झाला होता. जीव वाचले होते, पण तेवढी एक ओळ आमच्यापर्यंत पोहोचविण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. पदार्थविज्ञान शिकविणारा मी, त्या दिवशी स्वतःशीच ओशाळलो. पुढे अभ्यास केला, परीक्षा दिली आणि परवाना मिळविला.

आता मुख्य विषयाकडे वळू. हौशी मंडळींत शंभर वॅट शक्तीची यंत्रे सर्रास वापरतात. मी वापरतो पाच वॅटचे. बोलण्यासाठी दहा वॅटपर्यंत आणि मोर्ससाठी पाच वॅटपर्यंतच्या कामास 'अल्पशक्ती' म्हणण्याचा जगभर प्रघात आहे. रात्री निजताना आपण जो छोटा दिवा लावतो, तेवढी ही शक्ती. एवढ्याशा शक्तीने आवाज शेकडो मैल कसा जाईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी फळ्यावर असे लिहून देतो.

ऐकणाऱ्याच्या यंत्रावर आवाजाचे बळ दाखविणारा काटा असतो. त्यावर एक ते नऊ अंश असतात. काटा एक अंश वर चढण्यास शक्ती चौपट करावी लागते. म्हणजेच शक्ती चौथाई केली तरी काटा एकच अंश उतरतो. शंभर वॅट असताना काटा नऊवर आहे असे समजा. पंचवीस वॅट केले तर तो आठवर येईल. सव्वासहा वॅट केले तर सातवर. पाच वॅटला सातच्या किंचित खाली. शक्ती वीसपट घटली आणि काटा जेमतेम दोन अंश उतरला! समोरच्याकडे शांतता असेल तर सात अंशांचा आवाज स्पष्ट कळतो. मात्र तिथे कलकलाटच सात अंशांचा असेल, तर तो त्यात बुडून जातो. म्हणून अल्पशक्तीच्या कामात खरा शत्रू गोंगाट आहे, हे ध्यानात ठेवावे.

हा गोंगाट आला कोठून? आपल्याच घरांतून. एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, इंटरनेटचे डबे ही सारी उपकरणे थोड्याफार प्रमाणात रेडिओलहरी सांडत असतात. शहरातील घरी माझ्या यंत्रावर दिवसभर जात्यासारखी घरघर चालू असते. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी, वस्तीपासून दूर माळावर तेच यंत्र लावले की घरघर एकदम निवते आणि तिच्याखाली दबलेले बारीक आवाज ऐकू येऊ लागतात. बाहेर जाण्याचे पहिले कारण हे. दुसरे असे की, गल्लीत वीस मीटर तार सरळ ताणण्यास जागा नसते, माळावर असते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगावयास हवी. माझ्याकडील शांतता मला ऐकण्यास उपयोगी पडते. माझा आवाज तिने मोठा होत नाही. त्यासाठी चांगली तार, योग्य लहर आणि योग्य वेळ साधावी लागते.

प्रथम तार. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर हौशी लोकांस दिलेली आहे. समजा ७.१ मेगाहर्ट्झवर बोलावयाचे आहे. तीनशेला ७.१ ने भागले की लहरीची लांबी येते, सुमारे सव्वाबेचाळीस मीटर. आपणांस तिच्या निम्मी तार लागते, म्हणजे सुमारे एकवीस मीटर. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे त्यातून पाच टक्के वजा करावे लागतात. राहिली वीस मीटर. तिचे मधोमध दोन भाग करावेत, दहा-दहा मीटरचे, आणि मध्यापासून यंत्रापर्यंत केबल आणावी. केबलची आतली तार एका भागास आणि जाळी दुसऱ्या भागास जोडावी. घरातील वायरिंगची साधी तार चालते. मध्यभाग काठीच्या टोकाशी बांधून दोन्ही टोके उतरती, तंबूच्या दोरांसारखी, दोरीने खुंट्यांस बांधली की एरियल तयार झाले. तार प्रथम अर्धा मीटर जास्त ठेवावी आणि मापकयंत्रावर पाहत थोडी थोडी आखूड करावी. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे शिंप्याप्रमाणे येथेही खरे आहे.

आता लहर आणि वेळ. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी भारित झालेले हवेचे थर आहेत. त्यांस आयनांबर म्हणतात. आपला आवाज तेथवर जाऊन परत खाली येतो. सात मेगाहर्ट्झची लहर बुटक्या एरियलवरून जवळजवळ सरळ वर जाते आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे सभोवार चार-पाचशे किलोमीटरांत पडते. मधले डोंगर तिला अडवीत नाहीत. बेळगावहून पुणे हवाई अंतराने सुमारे तीनशे किलोमीटर, बंगळूर व हैदराबाद साडेचारशेच्या घरात. सारी त्या कारंज्याखाली येतात. मात्र भर दुपारी आयनांबराचा सर्वांत खालचा थर या लहरीचा बराच भाग गिळतो. शंभर वॅटवाल्यास ते परवडते. पाच वॅटवाल्याने सकाळी अथवा दुपार कलल्यावर बसावे.

हे सारे मला चुकून कळले. पहिल्याच सहलीत मी चौदा मेगाहर्ट्झची तार लावून पुण्याला हाका मारीत बसलो. दोन तास घसा कोरडा केला. पुण्याचे कोणी उत्तर देईना. गंमत अशी की परदेशी स्थानके खणखणीत ऐकू येत होती. चौदाची लहर वरून परतते ती तिरपी, पुष्कळ लांब. पुणे तिच्या उडीखाली राहून गेले. यंत्र ठीक होते, तार ठीक होती, माझा विचार चुकला होता. पुढच्या रविवारी सातची तार लावली. सकाळी साडेआठच्या सुमारास हैदराबादच्या एका गृहस्थांनी माझी हाक उचलली. बेळगाव हे नाव मला तीनदा, एकेक अक्षर फोडून सांगावे लागले. मध्येच आवाज बुडाला, पुन्हा वर आला. सहा मिनिटांचे ते बोलणे मी वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

यंत्राविषयी थोडे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ साली 'बिटएक्स' नावाच्या यंत्राचा आराखडा सर्वांस खुला केला. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून हौशी माणसाने घरी बांधावे, असे सुमारे सहा वॅटचे ते यंत्र. वेटोळी गुंडाळण्यास त्यांनी नळाचे वॉशर वापरले! आज जगभर लोक हे यंत्र आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या बांधतात. विज्ञान शिकणाऱ्या मुलांस मी हे मुद्दाम सांगतो. महागड्या दुकानाची वाट पाहत बसलो तर विद्या पुढे सरकत नाही.

बॅटरीचा हिशेब गृहिणीच्या किराण्याच्या हिशेबासारखा मांडावा. समजा यंत्र ऐकताना ०.३ अँपिअर आणि बोलताना दीड अँपिअर वीज घेते. तीन तासांत पाऊण तास बोललो आणि सव्वादोन तास ऐकले, तर एकूण खर्च सुमारे १.८ अँपिअर-तास. बारा व्होल्टची चार अँपिअर-तासांची बॅटरी नेली की खर्च भागून शिल्लक राहते. बॅटरीलगत फ्यूज अवश्य घालावा आणि तांबडी-काळी तार जोडण्यापूर्वी दोनदा पाहावी.

काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. विजेच्या तारांजवळ काठी उभारू नये. ओली काठी आणि वरची तार यांची गाठ पडली तर प्राणावर बेतते. वळवाच्या दिवसांत ढग दिसू लागले, यंत्रात कडकड वाढली, की पहिल्या गडगडाटाची वाट न पाहता सामान आवरावे. बोलणे चालू असता तारेच्या टोकास कोणी हात लावू नये, चटका बसतो. शेतमालकास विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये. यंत्र ठरलेल्या पत्त्याबाहेर नेण्याचे चालू नियम आधी वाचावेत. आणि तोंड उघडण्यापूर्वी पाच मिनिटे ऐकावे. त्या लहरीवर कोणी बोलत आहे काय, हे विचारावे, मगच हाक द्यावी. माझ्या मते या विद्येचा तीन चतुर्थांश भाग ऐकण्याचाच आहे. शक्ती थोडी असली की ऐकण्यावाचून गतीच नसते.

या हौसेचा समाजास उपयोग काय, असे एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी केवळ हौशी संभाषणासाठी पोर्ट ब्लेअरला यंत्रे लावून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि दळणवळण तुटले. तेव्हा त्याच यंत्रांवरून त्यांनी बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हौशी चालक मदतीस धावले होते. मात्र यातून चुकीचा अर्थ काढू नये. पूर आल्यावर पेटीतून यंत्र काढणाऱ्याच्या हातून काही होत नाही. दुसऱ्या टोकास ऐकणारा शिकलेला माणूस हवा, आणि दोघांनाही रविवार-रविवारची सवय हवी. माझी माळावरची सहल म्हणजे ती सवय होय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील चार मुले, त्यांत दोन मुली, पालकांच्या संमतीने माझ्याबरोबर माळावर आली. तार त्यांनीच मोजली, खुंट्या त्यांनीच ठोकल्या. यंत्रावरचे बोलणे माझे. वहीतली नोंद त्यांची. एका मुलीने मी न ऐकलेले एक खूणनाव घरघरीतून अचूक टिपले. तिचे कान माझ्याहून तरुण, आणि लक्षही अधिक. येताना ती म्हणाली, "सर, परीक्षेचे पुस्तक कुठे मिळेल?"

विश्वस्त मंडळास आणि सभासदांस माझी विनंती त्या प्रश्नाएवढीच आहे. आपल्या वाचनालयात एक कपाट या विद्येसाठी द्यावे. त्यात परीक्षेची पुस्तके, एक साधे यंत्र आणि वीस मीटर तार असावी. रविवारची शिकवणी मी विनामूल्य घेईन. पाच-सहा वर्षांत बेळगाव शहरात आणि नदीकाठच्या गावांतून आपल्या कुटुंबांतील दहा-बारा मुलेमुली परवाना मिळवितील, तर पुन्हा टॉवर मुका झाला तरी 'आम्ही शाळेच्या माडीवर सुखरूप आहोत' एवढी एक ओळ बाहेर येईल. ज्या घरी ती पोहोचेल, त्या घरातील आईच्या गळ्याखाली त्या दिवशी घास उतरेल.

— एक सभासद शिक्षक, बी.एस्सी., बी.एड.