वजन तेच, पण चरबी कुठे आहे?
(लेखमाला : आपलं शरीर, लेखांक ६)

मागच्या लेखात चरबीची पेशी ऊर्जा कशी साठवते ते पाहिलं. आता प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

चरबी किती, याइतकंच ती कुठे आहे हेही पाहावं लागतं. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची. पोटाच्या आत, आतड्यांभोवती असते ती मात्र हाताला लागत नाही. या आतल्या चरबीतून स्निग्धाम्लं भराभर सुटतात आणि तिथलं रक्त थेट यकृतात जातं. यकृतात चरबी साचू लागली की ते इन्सुलिनला जुमानत नाही आणि गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहतं.

मांड्या आणि नितंबांवरची चरबी वेगळ्या स्वभावाची. ती जेवणानंतर रक्तातली चरबी ओढून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच व्यायाम सुरू केल्यावर पोट आधी उतरतं आणि मांड्या तशाच राहतात, अशी तक्रार बायका करतात. ती खरी आहे, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तारुण्यात इस्ट्रोजेन चरबीला याच जागी वळवतं. बाळ अंगावर पिऊ लागलं की हा साठा थोडा मोकळा होतो. पाळी गेल्यावर मात्र चरबीचा मोर्चा पोटाकडे वळतो.

त्वचेखालचं हे कोठार किती मोलाचं आहे, ते लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात दिसतं. या रुग्णांना चरबी साठवायला तिथे जागाच नसते. दिसायला काटकुळे, पण यकृत चरबीने भरलेलं आणि मधुमेह लहान वयातच.

तेव्हा घरातली शिवणकामाची टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर.

वजनाच्या मानाने चरबी जास्त असण्याची, याज्ञिकांच्या शरीरात दिसलेली ठेवण आपल्याकडे जन्मापासूनच दिसते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. आईच्या पोटात हे कसं ठरतं, ते पुढच्या आठवड्यात.