दूरचा संगणक, हातातील मोबाइल

संगणकापासून कोसो दूर असतानाही मोबाइलच्या किंवा टॅबलेटच्या पडद्यावरून तो चालवता येतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र ते कसे घडते आणि त्यात धोका कोठे असतो, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ठाऊक असावे, या हेतूने हा विषय येथे मांडत आहोत.

यासाठी दोन्ही उपकरणांवर एकच प्रणाली लागते. संगणकावरील प्रणाली पडद्याचे चित्र सतत टिपते आणि त्यातील बदललेला भाग इंटरनेटवरून मोबाइलकडे पाठवते. आपण मोबाइलवर बोट टेकवले, की त्या स्पर्शाची जागा संगणकाला कळते आणि तेथे माउसचे बटण दाबल्याप्रमाणे काम होते. फाइली संगणकातच राहतात. ये-जा होते ती चित्राची आणि आज्ञेची. मात्र तो संगणक सुरू हवा आणि दोन्हीकडे इंटरनेट हवे. वीज गेली, की संपर्क तुटतो.

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही यातील परिचित नावे. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या गुगल खात्याने संगणकाची नोंद करून किमान सहा अंकी पिन ठरवावा लागतो. दुसऱ्याची तात्पुरती मदत घ्यायची असल्यास एकदाच चालणारा संकेतांक मिळतो, आणि संपर्क पुढे चालू ठेवायचा का, हे दर तीस मिनिटांनी विचारले जाते.

लिंबागणेशसारख्या गावाला या साधनाचा मोठा उपयोग आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यार्थी अडला, तर पुण्या-मुंबईत नोकरी करणारा माजी विद्यार्थी तेथूनच पडदा पाहून नेमकी चूक दाखवू शकतो. पासवर्ड आणि ओटीपी मात्र विद्यार्थ्याने स्वतःच टाकावा.

याच साधनाने घरे लुटलीही जातात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. फसवणुकीची रीत सोपी असते. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी फोन करतो, ॲप घ्यायला लावतो, त्यावर दिसणारा क्रमांक विचारतो आणि परवानग्या द्यायला सांगतो. येथे दिशा उलटी होते: आपला मोबाइलच दूरचा संगणक बनतो आणि त्यावरील बँकेचे व्यवहार परक्याच्या नजरेखाली येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आपल्या पालकांची बँक म्हणजे बहुधा त्यांचा मोबाइलच. कोपीत बसून घेतलेला असा एक फोन हंगामाची उचल घेऊन जाऊ शकतो.

पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू घेण्यापासून अलिप्त राहण्यास सांगते. दूरनियंत्रणाचा सारा व्यवहार याच कसोटीवर तपासता येतो. ताबा समजून-उमजून आणि विश्वासाच्या माणसाला दिलेला असेल, तर ती मदत. फसवून घेतलेला असेल, तर ती चोरी, मग परवानगीचे बटण आपणच दाबलेले का असेना. म्हणून देणाऱ्याने आपण काय देत आहोत, हे जाणणे अगत्याचे आहे.

अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये. ॲपवरचा क्रमांक त्याला सांगू नये. काम संपताच संपर्क तोडावा. फसवणूक झाल्याचे लक्षात आल्यास आधी इंटरनेट बंद करावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेला कळवावे. वेळ जितका कमी जाईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. या दिवाळीत घरी आल्यावर आई-वडिलांचा मोबाइल हातात घ्या, त्यात असे एखादे ॲप आहे का ते पाहा आणि १९३० हा क्रमांक त्यांच्याकडून पाठ करून घ्या. टोळी गाव सोडण्यापूर्वी हे काम झालेले असावे.