जेटडायरेक्ट

जेटडायरेक्ट हे ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने विकसित केलेल्या मुद्रण सर्व्हरांचे व्यापारी नाव आहे. मुद्रक थेट स्थानिक नेटवर्कला जोडून अनेक संगणकांना त्याचा सामायिक वापर करता यावा, हा या उपकरणाचा उद्देश आहे. ही उपकरणे मुद्रकातील खाचेत बसणारे कार्ड किंवा समांतर पोर्टला जोडायची स्वतंत्र पेटी अशा दोन रूपांत मिळत.

पार्श्वभूमी

पूर्वी मुद्रक एका संगणकाला केबलने जोडलेला असे आणि इतरांना त्या संगणकामार्फत छपाई करावी लागे. तो संगणक बंद असल्यास कार्यालयातील सर्वांची छपाई थांबत असे. १९९१ मध्ये लेझरजेट ३एसआय या मुद्रकासोबत नेटवर्क कार्डाचा पर्याय आला आणि हे अवलंबित्व संपले.

मांडणी

कार्ड बसवण्यापूर्वी मुद्रकाचा वीजपुरवठा बंद करतात. कार्ड बसवून नेटवर्कची केबल जोडल्यावर मुद्रक सुरू करून संरचना पान छापले जाते. त्यावर कार्डाचा हार्डवेअर पत्ता, आयपी पत्ता आणि जोडणीची स्थिती दिलेली असते. केबल सैल किंवा सदोष असल्यास त्याचा उल्लेखही याच पानावर आढळतो. त्यामुळे दोषशोधनाची सुरुवात येथूनच होते.

कार्ड बूटपी किंवा डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता मिळवते. असा सर्व्हर न आढळल्यास जुनी कार्डे १९२.०.०.१९२ हा पत्ता स्वतःच धारण करीत. हा पत्ता बहुधा कार्यालयाच्या पत्त्यांच्या श्रेणीबाहेरचा असल्याने मुद्रक चालू असूनही संगणकांना सापडत नाही.

मुद्रकाचा पत्ता स्थिर ठेवणे आवश्यक असते. तो बदलल्यास संगणक जुन्याच पत्त्यावर कामे पाठवत राहतात. यासाठी पत्ता हाताने भरतात किंवा डीएचसीपी सर्व्हरवर हार्डवेअर पत्त्याच्या आधारे राखून ठेवतात. त्यानंतर प्रत्येक संगणकावर टीसीपी/आयपी पोर्ट तयार करून योग्य चालक प्रणाली बसवली जाते.

पोर्ट आणि प्रोटोकॉल

जेटडायरेक्ट टीसीपी पोर्ट ९१०० वर आलेली माहिती कोणताही बदल न करता मुद्रकाकडे पाठवते. ही पद्धत पुढे इतर उत्पादकांनीही स्वीकारली. याखेरीज एलपीडी प्रोटोकॉलसाठी ५१५ आणि आयपीपीसाठी ६३१ हे पोर्ट वापरले जातात. तीन मुद्रकांसाठीच्या बाह्य पेटीत ९१००, ९१०१ व ९१०२ असे स्वतंत्र पोर्ट असतात.

सुरक्षा

पोर्ट ९१०० वर वापरकर्त्याची ओळख तपासली जात नाही आणि मजकूर कूटबद्धही होत नाही. त्यामुळे वेतनपत्रके किंवा वैद्यकीय अहवाल यांसारखी गोपनीय कागदपत्रे नेटवर्कवरून उघड स्वरूपात जातात. हा पोर्ट इंटरनेटवर खुला राहिल्यास कोणीही दुरून छपाई करू शकतो. २०१८ मध्ये जगभरातील हजारो मुद्रकांवर अशा प्रकारे अनाहूत संदेश छापले गेले. प्रतिबंधासाठी व्यवस्थापकीय परवलीचा शब्द ठेवणे, परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी कार्डात नोंदवणे, अनावश्यक सेवा बंद करणे आणि फायरवॉलवर हा पोर्ट अडवणे हे उपाय योजले जातात.