जुना मारिओ, नवा डबा

मुलांनो, भिवंडीत राहणाऱ्याला यंत्रमागाचा खटखटाट काही नवा नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला त्या आवाजानं झोप लागत नाही, आणि आपल्याला मात्र तो थांबला की जाग येते! या मागांवर तयार होतं ते बहुतेक कोरं कापड. आपल्याकडे त्याला 'ग्रे' म्हणतात. त्यावर ना रंग, ना नाव. पुढे ते धुतलं जातं, रंगवलं जातं, त्याचा शर्ट शिवला जातो आणि कॉलरला एक लेबल लागतं. दुकानात आपण विचारतो, "कुठल्या कंपनीचा?" दुकानदार लेबलावरचं नाव सांगतो. भिवंडीचं नाव काही कोणी घेत नाही. म्हणजे बघा, वस्तू करणारा एक आणि नाव लावणारा दुसरा.

हे नीट लक्षात ठेवा, बरं का! कारण आज मी तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट कापडाची नाही, व्हिडिओ गेमची आहे. पण तिच्यातही सगळी गंमत लेबलातच दडलेली आहे.

सध्या जुन्या गेमची चलती आहे. हाताच्या पंजात मावणारा छोटा डबा, त्यावर 'रेट्रो' म्हणजे जुन्या वळणाचा असं लिहिलेलं, आणि आत म्हणे ४०० खेळ! मोबाइलवर मागवला की चार दिवसांत दारात. असा डबा येतो तोही पुष्कळदा आपल्या माणकोली, पडघ्याकडच्या मोठमोठ्या गोदामांतून. घरी आला की मुलं खूश होतात, आणि मुलांपेक्षा बाबा जास्त खूश होतात! असं का होतं, ते पाहू या.

कॅसेट घाल, फुंकर मार

तुमचे आई-बाबा शाळेत होते तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. होता तो 'टीव्ही गेम'. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, तिथे गेमची वायर जोडायची, चॅनेलचं बटण फिरवून चित्र शोधायचं. मग डब्याच्या खाचेत कॅसेट घालायची. गाण्याची नव्हे, गेमची कॅसेट! चित्र आलं नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, तरी साऱ्या देशातल्या मुलांना ते येत होतं.

मारिओ, काँट्रा, सर्कस चार्ली, रणगाड्यांचा खेळ, बंदुकीनं बदकं टिपायचा डक हंट... घरात ही नावं घेऊन बघा, कोणाचा चेहरा उजळतो ते कळेल. डब्यांवर नावं असत सामुराई, लिटिल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी. पुढे १९९८ साली मुंबईत सुरू झालेल्या मिताशी कंपनीनंही 'गेम इन' या नावानं टीव्ही गेम विकले.

गंमत म्हणजे हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. रशियातल्या मुलांचा असाच डबा 'डेंडी' नावाचा होता, तो १९९२ च्या अखेरीस बाजारात आला. पोलंडच्या मुलांचा होता 'पेगासस'. चीनमध्ये 'सुबोर' कंपनीनं त्याला कळफलक जोडला आणि 'अभ्यासाचं यंत्र' म्हणून विकला. आई-वडिलांना पटवण्याची युक्ती सगळीकडे सारखीच, नाही का?

नावं वेगळी, देश वेगळे. पण आत मारिओ तोच! मग हा मारिओ आला कुठून?

चाळीस केबींची करामत

जपानमध्ये निन्टेंडो नावाची कंपनी आहे. तिनं १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र विकायला काढलं. लोक त्याला लाडानं 'फॅमिकॉम' म्हणू लागले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ त्यासाठी १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. तो रचणाऱ्या मंडळींचे म्होरके होते शिगेरू मियामोतो. फॅमिकॉम आणि परदेशांसाठीचा त्याचा भाऊ मिळून सहा कोटींहून जास्त यंत्रं जगभर विकली गेली.

आता एक चकित करणारी गोष्ट. तो अख्खा खेळ अवघ्या ४० केबी जागेत बसवलेला आहे. तुमच्या मोबाइलवरचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरा. म्हणजे एका फोटोच्या जागेत असे शंभर मारिओ मावतील! मग एवढ्याशा जागेत डोंगर, ढग, किल्ले, कासवं बसवली कशी? काटकसर करून. मारिओतला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट निरखून पाहा. चित्र एकच आहे. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप!

अशी डोकॅलिटी ज्यांनी लढवली, त्यांना त्याचे पैसे आणि श्रेय मिळायला नको का? पण जगभर विकल्या गेलेल्या बहुतेक नकली डब्यांनी त्यांची परवानगी घेतलेली नव्हती. इथे रागवण्याआधी दुसरी बाजूही पाहू. १९९५ साली भारतात 'सेगा' कंपनीचं अस्सल यंत्र अधिकृतपणे विकायला आलं. शॉ वॉलेस कंपनीनं ते आणलं होतं. किंमत १८,००० रुपये! त्या काळी इतके पैसे किती घरांत असणार? बाहेरून येणाऱ्या यंत्रांवर सरकारी करही जबर होता. म्हणून आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं अस्सल यंत्र पाहिलंच नाही. तिच्या आठवणी आहेत त्या नकली डब्याच्या. आठवणी मात्र अगदी अस्सल!

एक कोटीला एक कमी

आता जरा गणित. कंटाळू नका, मजेचं आहे.

त्या काळच्या काही कॅसेटवर छापलेलं असायचं, '९९९९९९९ इन १'. म्हणजे एका कॅसेटमध्ये किती खेळ? एक कोटीला एक कमी! दर मिनिटाला एक खेळ, तोही न जेवता न झोपता खेळायचा म्हटला, तरी सगळे संपवायला १९ वर्षं लागतील. पहिलीत खेळायला बसलात तर उठेपर्यंत तुमचं लग्नाचं वय होईल. आणि प्रत्येक खेळ ४० केबींचा धरला तर जागा लागेल सुमारे ४०० जीबी. त्या काळी कॅसेटमध्ये एवढी जागा असणं शक्यच नव्हतं.

मग आत असायचं काय? मोजके खेळ, आणि त्यांचीच नावं पुन्हा पुन्हा. एकात मारिओ पहिल्या टप्प्यापासून, पुढच्यात तिसऱ्यापासून, त्यापुढे नुसताच नाव बदलून. आमच्या वर्गात एकदा एक मुलगा असा नवा डबा घेऊन आला. "बाई, यात चारशे खेळ आहेत!" मी म्हटलं, "सुट्टीत घरी बसून मोज, आणि वहीत दोन रकाने कर. एक नव्या खेळाचा, एक पुन्हा आलेल्याचा." तुमच्याकडे असा डबा असेल तर तुम्हीही मोजा. डब्यावरचा आकडा हा जाहिरातीचा असतो. वहीतला आकडा तुमचा असतो.

यंत्र, खेळ आणि नाव

थोरांनाही गोंधळात टाकणारी एक गोष्ट आता सोपी करून सांगते. एका गेममागे तीन वेगवेगळे हक्क असतात.

पहिला यंत्राचा. नवं यंत्र शोधून काढणाऱ्याला पेटंट मिळतं, ते साधारण २० वर्षं टिकतं. मग ते कोणीही बनवू शकतं. १९८३ च्या यंत्राची मुदत केव्हाच सरली. पूर्वी मोठ्या डब्यात मावणारं ते यंत्र आज नखाएवढ्या चिपवर येतं आणि स्वस्त मिळतं.

दुसरा खेळाचा, म्हणजे कॉपीराइट. भारतात लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो राहतो. संगणकाच्या प्रोग्रामलाही कायदा पुस्तकासारखाच मानतो. त्यामुळे चाळीस वर्षं उलटली तरी मारिओ निन्टेंडोचाच आहे. न विचारता तो डब्यात भरून विकणं आजही गैर.

तिसरा नावाचा, म्हणजे ट्रेडमार्क. याची तऱ्हाच न्यारी. दर १० वर्षांनी नोंदणी वाढवत राहिलं की नाव कधी मरत नाही. आणि नाव विकताही येतं!

'अटारी'चंच पाहा. जपानी लोकांच्या 'गो' या खेळातला हा शब्द, आपल्या बुद्धिबळातल्या 'शह'सारखा. १९७२ साली अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी या नावाची कंपनी काढली. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा धंदा कोसळला. न खपलेल्या कॅसेटचे ट्रक भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरापट्टीत पुरले गेले. कंपनीची वाटणी झाली. नाव मात्र हातोहात फिरत राहिलं आणि २००१ साली एका फ्रेंच कंपनीकडे आलं. त्या कंपनीनं पुढे स्वतःचंच नाव 'अटारी' करून टाकलं! १९७७ मधल्या जुन्या यंत्राची नवी आवृत्ती तिनं नोव्हेंबर २०२३ मध्ये विकायला काढली. दिसायला तेच, नावही तेच. पण करणारी माणसं वेगळी.

असं आपल्याकडेही घडलं आहे. तुमच्या आजोबांना 'जावा' मोटारसायकल आठवत असेल. ती २०१८ साली महिंद्रांच्या छत्राखालच्या एका नव्या कंपनीनं परत आणली. 'कँपा कोला'चं नाव रिलायन्सनं २०२२ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी बाटल्या दुकानांत आल्या. सापाच्या गेमचा 'नोकिया ३३१०' मूळचा २००० सालचा. २०१७ मध्ये तो फिनलंडच्या दुसऱ्याच एका कंपनीनं नव्या रूपात काढला. यात लबाडी नाही, हे व्यवहार रीतसर झाले आहेत. फक्त आपण पैसे देतो ते वस्तूचे किती आणि आठवणीचे किती, हे ओळखता आलं पाहिजे. निन्टेंडोनं स्वतः नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या जुन्या यंत्राचा चिमुकला अवतार काढला. आत ३० खेळ, किंमत ६० डॉलर. सहा महिन्यांच्या आत २३ लाख खपले!

न खेळलेला खेळ

आठवणीची किंमत किती वाढू शकते? जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत एका लिलावात 'सुपर मारिओ ६४' या १९९६ च्या खेळाची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या हिशोबानं साडेअकरा कोटी रुपयांच्या वर! कारण काय? तिचं वेष्टन कधी फोडलंच नव्हतं. म्हणजे ज्या खेळाशी कोणी खेळलंच नाही, तो सर्वांत महाग. आणि ज्या कॅसेटचं लेबल बोटांनी झिजलं, ती भंगारात किलोवर. तुम्हांला काय वाटतं, यातली जास्त मोलाची कोणती?

घाई करू नका. अलामोगोर्डोच्या त्या कचऱ्याचं पुढे काय झालं ऐका. एप्रिल २०१४ मध्ये तो खणून काढला गेला. त्यातली एक कॅसेट आज अमेरिकेच्या प्रसिद्ध स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कचऱ्यातून थेट संग्रहालयात! आणि हे सांभाळणं का गरजेचं आहे? २०२३ मध्ये गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकी संस्थेनं मोजणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानात विकत मिळतच नाहीत, असं तिला आढळलं. ज्या नावाला गिऱ्हाईक आहे तेवढंच कंपन्या पुन्हा बाजारात आणतात. बाकीचं जपायचं कोणी? ज्यांच्या माळ्यावर ते पडलं आहे त्यांनी!

माळ्यावर चढण्याआधी

घरात जुना टीव्ही गेम सापडला तर एवढं करा. वायर लगेच प्लगमध्ये घालू नका. जुनी वायर खराब झालेली असू शकते, आधी मोठ्यांना दाखवा. कॅसेटला फुंकर मारू नका. तोंडातल्या वाफेनं तिच्या पट्ट्या गंजतात. पूर्वी गेम चालू व्हायचा तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. आणि बदकं मारायची बंदूक आजच्या चपट्या टीव्हीवर चालली नाही तर ती बिघडली असं समजू नका. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून नेम हुकतो.

नवा 'रेट्रो' डबा घ्यायचा हट्ट धरलात, तर आधी आई-बाबांसोबत बसून तीन प्रश्न विचारा. यंत्र कोणी बनवलं? आतले खेळ कोणाचे, आणि त्यांची परवानगी आहे का? डब्यावरचं नाव कोणाचं? तिन्ही उत्तरं मिळाली, तर खुशाल घ्या.

आणि पालकांनो, एक विनंती तुम्हांलाही. मुलांच्या हाती नुसता डबा देऊ नका. कोणाच्या घरी जमायचात, पाळी कशी लावायचात, वीज गेली की कसे ओरडायचात, ते शेजारी बसून सांगा. कुठल्याच कंपनीला ते डब्यात भरून विकता येत नाही.

मुलांनो, या रविवारी वहीचं एक पान घ्या. घरातल्या मोठ्यांना विचारून त्यांच्या गेमचं नाव, डब्यावरची कंपनी आणि तो कुठून आणला हे लिहा. अगदी खालच्या ओळीत तुमचं स्वतःचं नाव आणि तारीख घाला. लेबल लावायचं, तर ते असं!